बरणीतला खिळा

मित्रांनो, लांबून पाहिलेत तर तुमचा विश्वास बसणार नाही, पण मी शेवटच्या दिवसाला टेकलेली एक जुनी मोटार आहे. पेणमध्ये काळुरामच्या गॅरेजमागे, करंजाच्या झाडाखाली, विटांच्या चार चळतींवर मला ठेवले आहे. माझा पांढरा रंग अजून उन्हात चमकतो. पुढची जाळी लखलखीत आहे. परवा एक गृहस्थ माझ्याभोवती फिरून म्हणाले की गाडी किती सुंदर ठेवली आहे. मग ते गुडघे टेकून खाली वाकले, माझ्या पोटाकडे पाहिले आणि निघून गेले.

उद्या भंगारवाला येणार आहे. म्हणून मी घाईने सांगते. माझे बोलणे पुढे-मागे झाले तर सांभाळून घ्या. सात वर्षे मी एकच गोष्ट सांगायचा प्रयत्न करत होते, आणि मला हॉर्नखेरीज दुसरा आवाज नव्हता.

माझा जन्म १९८१ सालचा, मुंबईच्या एका कारखान्यातला. लोखंडाचे पत्रे ठोकून, जोडून मला आकार दिला आणि वर रंगाचे थर चढवले. तुम्हाला जशी कातडी, तसा मला रंग. फरक इतकाच, की तुमची कातडी खरचटली तर आपोआप भरून येते. माझी येत नाही.

पेणच्या जगनभाऊंनी मला घरी आणले. त्यांचा गणपतींचा कारखाना होता. वर्षभर शाडूच्या मूर्ती घडायच्या, त्यामुळे अंगणात बारीक मातीची धूळ सतत उडायची. ती रोज माझ्यावर बसायची आणि जगनभाऊ रोज सकाळी कोरड्या मऊ फडक्याने मला पुसायचे. रंगवलेल्या मूर्तीवर ओले फडके कधी फिरवत नाहीत, रंग उतरतो. तोच नियम त्यांनी मला लावला. पण मित्रांनो, धुळीचे कण म्हणजे दगडाचेच कण. कोरड्या फडक्याखाली ते माझ्या अंगावर घासले जात. आधी नुसते पाणी ओतून धूळ वाहून जाऊ दिली असती, तर काही झाले नसते. दोन वर्षांत माझ्या टपावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागले. जगनभाऊ म्हणायचे, रंगच हलका मारलाय मेल्यांनी. आणि ते आणखी जोराने पुसायचे.

तरीही ते दिवस सुखाचे होते. माझे रूप गेले, पण हाडे शाबूत राहिली. हे तेव्हा मला कळले नव्हते.

१९९० साली जगनभाऊंचे गुडघे गेले आणि मी रघूकडे आले.

रघू खाडीकाठच्या गावचा. तीन पिढ्या मिठागरात काम केलेले घर. त्या वर्षी उधाणाने बांध फुटला, खाडी मिठागरात शिरली, आणि मालकाने ते पुन्हा बांधलेच नाही. रघूने जवळ होते नव्हते ते सगळे घालून मला घेतले आणि पेण ते रोहा अशी प्रवासी टॅक्सी सुरू केली. मला गावात आणले तेव्हा सगळी आळी जमली. कुणीतरी विचारले, रघू, आता मीठ काय डिकीत पिकवणार? रघू हसला. बायकोला म्हणाला, "गोदू, हात लाव गो हिला. चावत नाय."

गोदूबाईने पदराला हात पुसला आणि मग माझ्या दाराला हात लावला. तिच्यामागे तिची मुलगी उभी होती, आठवीतली अनिता. ती माझ्या आरशात स्वतःला बघत होती.

रघूइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्याच्यावर रागवाल. रागवू नका.

पहिल्या आठवड्यात त्याने मला भर दुपारी अंगणात उभी केली आणि कपडे धुण्याची पूड बादलीभर पाण्यात कालवून मला घासले. जितका फेस जास्त तितकी सफाई जास्त, असे त्याला वाटे. उन्हात तो फेस धुण्याआधीच वाळला, अंगावर ओघळांचे डाग पडले आणि जगनभाऊंनी लावलेले पॉलिश पार निघून गेले. तेवढ्यात गोदूबाई विहिरीवरून आली. डोक्यावर दोन हंडे होते. त्या गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि तीही पाऊण मैलावर. तिने बादलीत पाहिले, मग नवऱ्याकडे.

"पेयाला हंडाभर पानी नाय, नि तुमची ही बया डोकी धुते?"

रघू ओशाळला. दुसऱ्या दिवशी तो बंद पडलेल्या मिठागराकडे गेला. तिथल्या खाचरांत अजून दाट खारे पाणी साठलेले असे. दोन डबे भरून त्याने ते घरी आणले आणि मला धुतले. दाराखाली, चाकांच्या कमानीत, पोटाखाली, सगळीकडे मनापासून मारले.

हे त्याने अडाणीपणाने केले असे समजू नका. त्याच्याकडे कारण होते. मिठाच्या माणसाने जन्मभर काय पाहिले होते? मिठात घातलेली कैरी वर्षभर टिकते. खारवलेला मासा पावसाळाभर टिकतो. बांधाच्या उघाडीची, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या झडपेची, लाकडी फळी त्याच्या आज्याने बसवलेली होती आणि खाऱ्या पाण्यात राहून अजून टणक होती. मीठ कुजू देत नाही, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याने ते डोळ्यांनी पाहिले होते.

वाळल्यावर माझ्यावर पांढरी पूड राही. ती तो फडक्याने झटके आणि मी चकाके. पोटाखालची पूड मात्र कुणी झटकत नसे. खाडीवरची दमट हवा आली की ती पूड ओलसर होई, आणि रात्रंदिवस माझ्या सांध्यांत मुरत राही.

पुढच्या वर्षी अनिता नववीत गेली. शाळेत त्यांना लोखंड गंजण्याचा धडा लागला होता. एके दिवशी ती धावत घरी आली आणि रघूच्या पाठीशी उभी राहून म्हणाली की बाबा, गाडीला खारे पाणी घालू नका, पुस्तकात लिहिले आहे.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की मी वाचले.

रघू चिडला नाही. त्याने तिला समोर बसवले. पुस्तक लिहिणाऱ्याने मिठागर बघितलेय काय, असे विचारले. मग म्हणाला, "आपुन दोगं बघू. खिळा टाकून बघू. जो जितंल त्याचं ऐकायचं. कबूल?"

अनिता कबूल झाली. दोन बारीक नवे खिळे घेतले. अनिताने आपला खिळा विहिरीच्या पाण्यात, उघड्या पेल्यात ठेवला. दुसरा रघूने आपल्या रीतीने ठेवला. लोणच्याची काचेची बरणी घेतली, तिच्यात दाट खारे पाणी काठोकाठ भरले, खिळा सोडला आणि झाकण घट्ट लावले. लोणचे तसेच घालतात. दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती.

आठ दिवस तो पेला आणि ती बरणी ओटीवर होती, आणि मी समोर अंगणात. अनिता रोज शाळेत जाण्याआधी बघायची. पेल्यातला खिळा तिसऱ्या दिवशी तांबूस झाला. आठव्या दिवशी पाणीच तांबडे झाले. बरणीतला खिळा जवळजवळ होता तसाच राहिला.

रघूने तो बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. त्याला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तिचा चेहरा पाहून तो म्हणाला, "पुस्तक खोटं नाय गो. त्यांचं मीठ वायलं असंल."

मित्रांनो, पुस्तक खोटे नव्हते आणि बरणीही खोटी नव्हती. लोखंडाला गंजायला पाणी लागते तशी हवाही लागते. काठोकाठ भरलेल्या, झाकण लावलेल्या त्या दाट पाण्यात हवा फारशी उरलीच नव्हती. पण मी काही बरणीत राहत नव्हते. मी उघड्यावर होते. माझ्यावरचे खारे पाणी वाळायचे, दमट व्हायचे, पुन्हा वाळायचे, आणि हवा चोवीस तास होती. मी ओरडत होते की मला बरणीत घालून पाहा, नाही तर खिळ्याला बाहेर काढून पाहा. अजून दोन दिवस थांबा. फक्त दोन दिवस.

रघूने तो खिळा तंबाखूच्या रिकाम्या डबीत घातला आणि डबी माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिली. आठवण म्हणून. मुलीने त्याच्याशी पुस्तकातला वाद घातला, याचे त्याला फार कौतुक होते.

त्यानंतर अनिता गप्प झाली. ती शब्दाची पक्की होती. हरली तर ऐकायचे, असे ठरले होते. दुसऱ्या सकाळपासून खाऱ्या पाण्याचा डबा तीच उचलून आणू लागली. परकर खोचून ती माझ्या चाकांपाशी बसायची आणि वाकून वाकून पोटाखाली पाणी मारायची. तिच्या हाताला माया होती. मी त्या मायेत रोज थोडी थोडी संपत होते.

आणि त्याच आठवड्यात, माझ्या कप्प्यात, डबीतला खिळा लाल व्हायला लागला होता. मला ते कळत होते. दुसऱ्या कुणाला नाही.

पुढची वर्षे भराभर सांगते. माझ्या दारांच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आले. रघू त्यांना घामोळे म्हणायचा. तो ते खरवडायचा, लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरायचा आणि वरून पांढरा रंग मारायचा. गंज रंगाखाली जिवंतच राहायचा आणि वीतभर पलीकडे पुन्हा डोके काढायचा. पावसाळ्यात रोह्याहून भिजून आले की तो लगेच माझ्यावर प्लास्टिकचा कागद बांधायचा, पोरीला पांघरूण घालावे तसा. आतले पाणी आतच राहायचे. मी रात्रभर त्या ओल्या कोंडीत उभी असायचे आणि सकाळी कागद काढून तो म्हणायचा, बघ कशी कोरडी.

पेणच्या स्टँडवर माझ्याइतकी स्वच्छ गाडी नव्हती. रोह्याचे प्रवासी मुद्दाम माझ्यासाठी थांबत. वाखाणणी ऐकली की रघूची मान ताठ होई. मला तेव्हा रडू येई, पण मोटारीच्या रडण्याला लोक गळती म्हणतात.

एका माणसाला मात्र कळले होते. १९९५ साली रघू चाक बदलायला काळुरामकडे आला. काळुरामने जॅक लावला, तर जॅक वर जायचा आणि मी जागेवरच. पत्रा आत दबत होता. काळुराम उताणा होऊन खाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या केसांत लाल भुगा होता.

"रघूशेट, वरून नवरी सजवलीस. खाली काय केलंस हे?"

रघूने त्याला बरणीची गोष्ट सांगितली. कप्प्यातून डबी काढली आणि त्याच्या कानापाशी हलवली. आत काहीतरी वाजले. आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता, मंद होता. माझे सगळे सांधे एका जागी गोळा झाले. उघडा, मी म्हणत होते. एकदा झाकण उघडा.

पण खात्री असलेला माणूस डबी उघडत नाही. रघूने ती परत आत ठेवली. काळुराम म्हणाला की वाद नको, नुसते आठवड्याला दोन हंडे गोडे पाणी हिच्या पोटाखाली मारत जा, वरून नाही धुतलीस तरी चालेल. दोन हंडे म्हणताच रघूच्या डोळ्यांसमोर विहिरीची वाट आली असावी. तो हसला, बरं म्हणाला आणि ते तिथेच राहिले. घरी तो याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

अनिता शिकली आणि निडी गावाजवळच्या एका शाळेत शिक्षिका झाली. रोह्यात खोली घेऊन राहायची. शनिवारी दुपारी रघू तिला घेऊन गावी यायचा. त्याच सुमारास त्याने तिला मला चालवायला शिकवले, मिठागराच्या सपाट बांधावर. बायकांनी नावे ठेवली, पोरगी आता टॅक्सी मारणार काय म्हणून. रघू म्हणे, मारंल, आनि तुमाला फुकट नाय बसवणार.

एका शनिवारी ती पुढच्या सीटवर बसली आणि पायाखालची रबरी चटई सरकली.

"बाबा," ती म्हणाली, "खाली रस्ता दिसतोय."

रघूने वडखळला थांबून फळीचा तुकडा मागून घेतला आणि तिथे बसवला. अनिता त्या फळीकडे बघत राहिली. मग तिने कप्प्याच्या झाकणावर हात ठेवला. तिला काहीतरी विचारायचे होते, मला दिसत होते. पण ती वादात हरलेली होती, आणि बाप खुशीत गाणे गुणगुणत होता. तिने हात काढून घेतला.

नोव्हेंबर १९९८. रविवार होता, सकाळचे दहा. रघू मला पुसत होता. एकाएकी तो माझ्या बॉनेटवर ओणवा झाला. मला वाटले पलीकडची बाजू पुसतोय. त्याचा घाम माझ्यावर टपटप पडला आणि मला कळले की हे वेगळे आहे.

अनिताने त्याला मागच्या सीटवर घातले. गोदूबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. पेण अवघे नऊ मैल. अनिताने मला बांधावरून काढले. मित्रांनो, मी तेव्हा माझ्यात जे जे होते ते सगळे पणाला लावले. इंजिन माझे चांगले होते. मी धावले. मी स्वतःला म्हणत होते, नऊ मैल, मग मोडलीस तरी चालेल.

मी साडेतीन मैल धावले.

एका वळणावर खड्डा होता, फार मोठा नाही. मागच्या चाकावरचे पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, जिथे माझ्या अंगाला जोडलेले असतात, तिथला पत्रा पापडासारखा फुटला. मी मागून खाली बसले ती उठलेच नाही.

दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेते होती. रस्त्यावर कुणी नव्हते. अनिताने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. सात वर्षांत पहिल्यांदाच मला पोटभर ओरडता आले, आणि ऐकायला फक्त बगळे होते.

रघूने डोळे उघडले. काय झालं, असे त्याने विचारले. अनिता म्हणाली, काही नाही बाबा, तुम्ही बोलू नका. त्याने खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाला, "रंग खरचटला काय, बघ."

ती खाली उतरली. तिने खरोखर माझ्याभोवती चक्कर मारली आणि खिडकीशी येऊन सांगितले, "नाही बाबा. रंग चांगला आहे."

पेंढ्याचा एक टेम्पो आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्यांनी त्याला पेंढ्यावर घेतले. मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी मला ओढून काळुरामकडे आणले, तेव्हा त्याच्या दुकानाचे शटर अर्धे खाली होते. त्यावरून रघू गेल्याचे मला कळले.

आता आजचे सांगते, आणि मग थांबते.

आज सकाळी अनिता आली. गोदूबाई बरोबर होती. काळुरामने दोघींना चहा दिला. तो म्हणाला, पोरी, गाडी मोडली नसती तरी काय झाले असते कुणाला ठाऊक, तू मनाला लावून घेऊ नकोस. अनिताने मान हलवली. तिने बाबांच्या वस्तू काढून घ्यायला माझा कप्पा उघडला. त्यात एक कंगवा, देवाचा फोटो आणि ती डबी.

झाकण गंजून घट्ट बसले होते. काळुरामने स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले. आत लाल भुकटी होती आणि तिच्यात काडीसारखा खिळा. अनिताने तो चिमटीत धरला. त्याचे दोन तुकडे झाले.

तिने दोन्ही तुकडे तळहातावर ठेवले. मग काळुरामला म्हणाली, "काका, मी हरले आणि गप्प बसले. मला पुन्हा विचारायचं होतं."

काळुराम दुसरीकडे बघू लागला. बोलायचे म्हणून त्याने दोन हंड्यांची ती जुनी गोष्ट सांगितली. दगडावर बसलेल्या गोदूबाईने वर पाहिले. ती या सगळ्यात एकदाही रडली नव्हती. आताही नाही.

"दोन हंडे?" ती म्हणाली. "मी आनले असते. मना कोनी सांगलाच नाय."

मित्रांनो, माझी वेळ संपत आली आहे. तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, आजोबांची मोटारसायकल असेल. तिची धूळ आधी पाण्याने उतरवा, मग फडके लावा. सावलीत धुवा. ओली असताना झाकू नका, गंजावर रंग फासू नका, आणि जिथे कुणाची नजर जात नाही तिथे आधी गोडे पाणी घाला. पण हे सगळे विसरलात तरी एक विसरू नका. जे तुम्हाला प्रिय आहे, त्याच्या बाबतीत उत्तर मिळाले म्हणून डबी बंद करू नका. खिळा बाहेर काढून आणखी दोन दिवस ठेवा. आणि दोन हंडे हवे असतील तर ज्याच्या डोक्यावर हंडे आहेत त्याला जाऊन सांगा.

अनिताने काळुरामकडे पाण्याची बादली मागितली. तो म्हणाला, उद्या मोडायची गाडी, आता कशाला? पदर खोचून ती जमिनीवर पाठ टेकून माझ्या पोटाखाली आली. गोदूबाई वाकून तिला तांब्या भरभरून देऊ लागली. गोडे पाणी होते. इतक्या वर्षांत कुणाच्या हातून ते मला तिथे पहिल्यांदाच लागले. अनिता हाताने चोळत होती आणि लाल ओघळ तिच्या कोपरावरून वाहत होते.

बादली संपली.

"अजून लालच येतंय," अनिता खालून म्हणाली.

गोदूबाईने रिकामी बादली उचलली आणि ती पुन्हा नळाकडे गेली.